बास म्हणजे डोकं

आमच्या देशाच्या संगीताचे सरळसरळ दोन कालखंड पडतात: कैरकेनच्या आधीचा आणि कैरकेनच्या नंतरचा. हे वाक्य मी त्याच्या साठीच्या समारंभात, अल्माटीतल्या एका बऱ्यापैकी भरलेल्या सभागृहात, छातीवर हात ठेवून म्हटलं आणि टाळ्यांसाठी थांबलो. त्या शांततेत तिसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी शेजारणीला विचारलेला प्रश्न सगळ्यांना ऐकू गेला. "कैरकेन म्हणजे तोच ना गं, आपल्या इमारतीचे नळ दुरुस्त करायचा?"

तोच. बाईंचं काही चुकलं नव्हतं. आमच्या तरुणपणी रॉक वाजवणाऱ्याला एक सभ्य नोकरी दाखवावी लागे, नाहीतर तो ऐतखाऊ ठरे, आणि ऐतखाऊ असणं हा तेव्हा गुन्हा होता. म्हणून कैरकेन दिवसा लोकांच्या तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या करी आणि संध्याकाळी बास गिटार वाजवी. गाणीही तोच लिही. पुढे तबकड्या निघाल्या, रीगापासून ताश्कंदपर्यंत दौरे झाले, मुली सभागृहाच्या मागच्या दाराशी थांबू लागल्या. अर्थात कैरकेनसाठी नव्हे. बास वाजवणाऱ्याचं नशीबच असं, की छायाचित्रकार नेहमी त्याच्या जरा अलीकडे थांबतो. पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर त्याचा फक्त कोपर आहे. जाणकार लोक कोपर ओळखतात.

त्याच्याकडे बास आलं ते वाटणीत. गल्लीतल्या मित्रांनी मिळून बँड काढायचा ठरवला. मेल्स देखणा होता, म्हणून तो गाणार आणि पुढे उभा राहून गिटार वाजवणार, यावर चर्चासुद्धा झाली नाही. मार्क्स, एंगल्स, लेनिन आणि स्टालिन यांची आद्याक्षरं जोडून त्याच्या वडिलांनी त्याचं नाव ठेवलेलं. चार मोठ्या माणसांचं ओझं घेऊन जन्मलेला मुलगा मागे कसा उभा राहणार? राइनहोल्ड जर्मन होता, त्याच्या आईवडिलांना युद्धाच्या वर्षांत आमच्या गवताळ मुलखात आणून टाकलेलं. तो आडदांड होता, म्हणून ड्रम त्याचे. उरला कैरकेन आणि उरलं बास.

ते दुकानात मिळत नव्हतं, म्हणून त्यानं घरी केलं. आईच्या कपाटाचं एक दार नाहीसं झालं. संस्कृती भवनातला पियानो एका रात्रीत खालच्या पट्टीत मुका झाला. आवाज पकडायला टेलिफोनच्या रिसिव्हरमधलं चुंबक लागे, त्यामुळे आमच्या गल्लीपासून रेल्वे स्टेशनपर्यंतच्या सार्वजनिक फोनवरून त्या वर्षी कोणी कोणाशी बोललं नाही. कैरकेनच्या वडिलांनी ते वाद्य उचलून पाहिलं, वजनाचा अंदाज घेतला, आणि म्हणाले, "आपल्या दोंब्राला दोन तारा. तेवढ्यात तुझ्या आजोबानं अख्खी लढाई वाजवली, घोड्यांसकट. तुझ्या ह्याला चार, आणि नुसतं धुम धुम?"

मागे उभं राहून धुम धुम करणाऱ्याला विचार करायला वेळ भरपूर मिळतो. त्यातून त्याची गाणी आली. मेल्स ती गाई, लोकांना ती मेल्सचीच वाटत, आणि कैरकेनला त्याचं काही वाटत नसे. एका गाण्याचा अपवाद सोडून. ते त्यानं आपल्या भाषेत, कझाखमध्ये लिहिलं होतं. आणि ते गिटारवर सुचलं नव्हतं, बासवर सुचलं होतं. त्याची चालच खालून यायची. हे गाणं मी म्हणणार, बास पुढे ठेवून म्हणणार, आणि शरद ऋतूतल्या स्पर्धेला आपण हेच न्यायचं, असा त्यानं एके दिवशी हट्ट धरला. स्पर्धा सगळ्या प्रजासत्ताकाची होती. एका बँडला एकच गाणं.

"बासवर गाणं?" मेल्स म्हणाला. "अरे गड्या, बास म्हणजे घराचा पाया. पाया महत्त्वाचा, मान्य. पण पाहुणे आले की आपण त्यांना पाया दाखवतो का?"

"भूकंप झाला की दाखवावा लागतो," कैरकेन म्हणाला.

अल्माटी भूकंपांचं शहर, तिथे हे बोलणं कोणी हसण्यावारी नेत नाही. शेवटी मी, म्हणजे त्यांचा निवेदक, मध्ये पडलो आणि करार झाला. स्पर्धेत उतरायचं तर आधी कष्टकरी जनतेसमोर एक कार्यक्रम करून दाखवावा लागे, आणि आमच्या वाट्याला जैलाऊवरचे मेंढपाळ आले होते. जैलाऊ म्हणजे डोंगरावरची उन्हाळी कुरणं. तिथे मेल्सनं त्याचं आवडतं गाणं म्हणायचं आणि कैरकेननं त्याचं. ज्या गाण्याला लोक "पुन्हा म्हणा" म्हणतील, ते शहरात जाणार.

"आणि कोणीच म्हटलं नाही तर?" राइनहोल्डनं विचारलं.

"तर माझं जाईल," मेल्स म्हणाला. "आणि हा जन्मभर मागे उभा राहील, आणि तोंड उघडेल ते फक्त जेवायला."

कैरकेननं हात पुढे केला. माझ्या देखत दोघांनी हात मिळवले.

आता घोटाळा कसा झाला ते. मेंढीफार्मच्या कचेरीत एक हौशी चित्रकार होता. त्यानं आमची जाहिरात कझाखमध्ये रंगवून घोडेस्वारांबरोबर आधीच डोंगरावर पाठवून दिली. आता आमच्या भाषेत "बास" म्हणजे डोकं, आणि डोकं म्हणजे मुख्य. इस्पितळाचा मुख्य डॉक्टर हा बास डॉक्टर. तेव्हा "बास गितारिस्त कैरकेन" हे वाचल्यावर त्या बिचाऱ्यानं जे कोणीही शहाणा माणूस करील तेच केलं: ते नाव सगळ्यात वर, लाल रंगात, हातभर अक्षरांत काढलं. मेल्सला खाली जागा उरली. त्याच्या "सोलो गितारिस्त"मधला शेवटचा ओ कागदावर मावला नाही. राहिलं "सोल". सोल म्हणजे डावीकडचा.

फार्मच्या ट्रकनं आम्हाला वर नेलं. शेवटच्या वळणानंतर एकदम सगळा डोंगर उघडला: हिरवंगार कुरण, युर्त नावाचे पांढरे लोकरी तंबू, धूर, आणि सणाचे कपडे घालून उभी असलेली माणसं. खोऱ्याखोऱ्यांतून घोड्यांवर बसून आलेली! आमच्यासाठी! शहरात आम्हाला ऐकायला लोक आगगाडीचे डबे बदलल्यासारखे येत-जात. इथे म्हातारी माणसं पदकं लावून आली होती. कैरकेननं माझा दंड इतका घट्ट धरला की निळा डाग आठवडाभर राहिला.

ट्रक थांबताच मेल्सनं काळा चष्मा लावला, चामडी जाकीट ओढून नीट केलं आणि पहिली उडी मारली. समोर कोशेरबाय अक्साकाल उभे होते, त्या सगळ्या कुरणातले वडील माणूस, दाढी छातीपर्यंत. मेल्सनं हात पुढे केला. अक्साकालांनी तो हात हातात घेतला, पडदा बाजूला सारावा तसा हळूच बाजूला सारला, आणि मागे पाहिलं. मागे कैरकेन अॅम्प्लिफायर पाठीवर घेऊन उलटा उतरत होता. सगळ्यांना आधी त्याची पँट दिसली.

"बास तूच का?" अक्साकालांनी विचारलं.

"हो," पँट म्हणाली. "बास मीच."

"अरे, मग बघताय काय! बासच्या पाठीवर ओझं? उचला ते! हा डावीकडचा रिकामा उभा आहे ना!"

आणि अॅम्प्लिफायर मेल्सच्या पाठीवर गेला.

मेल्सला कझाख येत नसे. तो शहरातल्या चांगल्या रशियन शाळेत शिकला होता, आणि आपल्या भाषेत त्याला फक्त जेवण मागता येई. राइनहोल्ड मात्र मेंढपाळांच्या पोरांत वाढलेला. त्याचं कझाख इतकं अस्सल, की त्यात शिव्यासुद्धा तीन पिढ्यांपूर्वीच्या होत्या. त्यामुळे त्या दिवशी मेल्सला जग जे कळलं ते राइनहोल्डकडून कळलं, आणि राइनहोल्डला इतकी मजा आयुष्यात पुन्हा कधी आली नाही.

युर्तमध्ये कैरकेनला दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं, पाठीशी उशा रचून. मेल्सला दाराशी, डावीकडे, खोगिरांच्या शेजारी.

"मला इथे का बसवलंय?" मेल्स कुजबुजला.

"डावीकडचा मान आहे तो."

"म्हणजे काय करायचं असतं?"

"बुटांवर लक्ष ठेवायचं."

कैरकेनच्या लक्षात घोटाळा केव्हाच आला होता. तो सरळ माणूस. त्यानं कुमिसचा, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा वाडगा खाली ठेवला आणि म्हणाला, "अक्साकाल, काहीतरी गैरसमज होतोय. माझं बास म्हणजे ते बास नव्हे. मी मागे उभा असतो. मी मुख्य नाही."

कोशेरबाय अक्साकालांनी भोवती बसलेल्यांकडे पाहिलं. "ऐकलंत? 'मी मुख्य नाही' म्हणतो! फार्मचा डायरेक्टर कधी असं म्हणाला होता का?"

"छे!" सगळे एकदम म्हणाले.

"अहो, खरंच नाही. मी फक्त धुम धुम करतो."

"आणि पुन्हा नाही म्हणतो! वाढा त्याला."

तिसऱ्यांदा नाही म्हणायचं धाडस कैरकेननं केलं नाही. आणखी एक नकार दिला असता तर त्याला फार्मच मिळाला असता.

मग मटणाचं परातीएवढं ताट आलं, आणि त्यावर मेंढ्याचं डोकं. डोकं मुख्य पाहुण्यापुढे ठेवतात. तो ते कापतो आणि ज्याला जे शोभेल ते वाटतो. बास पाहुण्यापुढे बास आलं. अक्साकाल म्हणाले, "डोकं ज्याच्या हातात, आजचा हुकूम त्याचा. कोणी गायचं, काय गायचं, किती वेळ गायचं, तो सांगेल. बाकीच्यांनी ऐकायचं."

कैरकेनच्या गालावर रंग चढला. ह्याच्यासाठी तर तो आला होता! मी त्याच्याकडे पाहत होतो, त्याची बोटं मांडीवर आपोआप वाजायला लागली होती.

"फक्त एक विचारायचं राहिलं," सुरी त्याच्याकडे देता देता अक्साकाल म्हणाले. "वडील?"

आमच्याकडे वडील हयात असताना मुलगा डोक्याला हात लावत नाही. वडिलांच्या जागी बसल्यासारखं होतं. कैरकेनचे वडील तालदीकोर्गानला ठणठणीत होते. एवढ्या डोंगरात त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं. मान खाली घालून एक उसासा सोडला असता तरी काम झालं असतं.

"हयात आहेत, अक्साकाल," कैरकेन म्हणाला. "मी वाजवतो ते त्यांना आवडत नाही."

"म्हणजे कानही शाबूत आहेत. देवाची कृपा." अक्साकालांनी सुरी परत घेतली.

दाराशी मेल्स राइनहोल्डला कोपरानं ढोसत होता. "काय विचारतायत? काय झालं? डोकं का काढून घेतलं?" राइनहोल्डनं कानात सांगितलं. मेल्स ताडकन उभा राहिला. "माझे वारले!" तो रशियनमध्ये ओरडला. चेहऱ्यावर लॉटरी लागल्याचा आनंद. "सांग त्यांना! माझे वडील वारले! केव्हाच वारले! मी लहान होतो तेव्हाच!"

राइनहोल्डनं इमानदारीनं भाषांतर केलं, आनंदासकट.

अक्साकालांनी मेल्सकडे बराच वेळ पाहिलं. मग दोन्ही हात उघडून त्यांनी मृतात्म्यासाठी चार शब्द म्हटले, तळवे चेहऱ्यावरून फिरवले, सगळ्यांनी फिरवले. मेल्सनंही फिरवले, चष्म्यावरून. मग अक्साकालांनी डोकं स्वतःकडे ओढलं, एक कान कापला आणि सुरीच्या टोकावर धरून हातोहात दारापर्यंत पाठवला.

"हे काय?" मेल्सनं विचारलं.

"कान."

"मोठा मान असतो का ह्याचा?"

"लहान पोरांना देतात," राइनहोल्ड म्हणाला. "मोठ्यांचं ऐकायला शिकावं म्हणून. पण तुझा डावा आहे."

मेल्सनं तो कान खाल्ला. दुसरं करणार काय? चामड्याच्या जाकिटातला तो देखणा माणूस भरल्या युर्तमध्ये कान चावत बसला होता आणि समोरची लहान मुलं आपला वाटा गेला म्हणून त्याच्याकडे डोळे वटारून बघत होती.

जीभ मात्र अक्साकालांनी कैरकेनच्या तळहातावर ठेवली. "जीभ कोणाला द्यायची याची रीत खोऱ्याखोऱ्यात वेगळी आहे. माझ्या घरात माझी. डोकं तुझं नाही, कारण तू खरं बोललास. जीभ तुझी, तीही त्याच कारणानं. खा, आणि मग बाहेर ये. आम्हाला ऐकायचंय."

सूर्य अजून शिखरांच्या वर होता. ट्रकवर फिरत्या सिनेमाचं जनित्र होतं, ते फटफटायला लागलं. माणसं गवतावर अंथरलेल्या लोकरीच्या जाजमांवर बसली, मागे घोडेस्वार खोगिरातच राहिले. आपलं आधी, असं मेल्सनं ठरवलं, आणि कोणी नाही म्हटलं नाही. कान खाल्लेल्या माणसाला किती म्हणून दुखवायचं?

त्याचं गाणं सातव्या मजल्यावरच्या मुलीविषयी होतं. तिच्या खिडकीत निळा दिवा असतो आणि लिफ्ट बंद असते. खरं सांगायचं तर गाणं चांगलं होतं, कैरकेननंच लिहिलेलं. मेल्स गायलाही जीव ओतून. गुडघ्यावर बसला, मान मागे टाकली, गिटार आभाळाकडे केली. लोकांनी अतिशय आदरानं ऐकलं. इतक्या आदरानं, की आमचे पाय गार पडले. गाणं संपल्यावर राइनहोल्डनं त्याचा अर्थ कझाखमध्ये सांगितला, तेव्हा एका म्हाताऱ्यानं त्याला विचारलं, "ती मुलगी खाली का नाही येत?"

"लिफ्ट बंद आहे, आजोबा."

"मग जिना चढायला ह्याला काय झालं? चांगला धट्टाकट्टा दिसतोय."

पुन्हा म्हणा, असं कोणी म्हटलं नाही. एक कुत्रा उठून गेला.

"आता बास बोलू दे," कोशेरबाय अक्साकाल म्हणाले.

मेल्सनं गिटार गळ्यातून काढली आणि ट्रकच्या पायरीवर जाऊन बसला. "वाजव," तो म्हणाला. "एकटाच वाजव. पाया दाखव सगळ्यांना."

कैरकेन पुढे आला. इतकी वर्षं मी त्याला पाहत होतो, पण समोरून असा कधी पाहिला नव्हता. मेल्सच्या मायक्रोफोनची उंची त्याच्या कपाळाशी येत होती, ती कमी करायचं त्याला सुचलं नाही. कपाटाचं दार गळ्यात, पाय फाकलेले. राइनहोल्डकडे पाहून त्यानं मान हलवली. आणि पहिला सूर मारला.

तो ऐकू आला नाही. तो खालून आला! अॅम्प्लिफायर गवतावर, थेट जमिनीवर ठेवलेला होता, आणि तो सूर मातीत शिरून जाजमांखालून माणसांच्या बैठकीत वर चढला. वाडग्यांतलं कुमिस शहारलं. एका म्हातारीनं दोन्ही तळवे जमिनीवर टेकले आणि दुसरीकडे पाहिलं. दुसरीनंही टेकले. कैरकेननं दुसरा सूर मारला, तिसरा, मग ती चाल सुरू झाली, दौडणारी, तीन ठोके आणि एक दम, तीन ठोके आणि एक दम, आणि त्या चालीवर त्यानं मान वर करून कपाळाशी असलेल्या मायक्रोफोनमध्ये तोंड उघडलं:

घोडा गेला, धूळ राहिली,
धूळ बसली, धमक राहिली,
कान लाव गं जमिनीला,
अजून कोणी येतंय का?

आवाज त्याचा काही फार सुरेल नव्हता. पण खरा होता, आणि शब्द सगळ्यांना कळत होते! पुढच्या रांगेतला तो जिन्यावाला म्हातारा गुडघ्यांवर उठून बसला. दुसऱ्या कडव्याला राइनहोल्डनं ड्रम असे काही झोडले, की स्वारांचे घोडे जागच्या जागी नाचायला लागले. आणि तेव्हाच ते झालं. डोंगराच्या कडेवर, जिथे मघापर्यंत नुसतं आभाळ होतं, तिथे एक तांबडा घोडा उभा राहिला. कान ताठ. त्याच्यामागे दुसरा. मग सगळी कडाच हलायला लागली.

"कळप!" कोणीतरी ओरडलं. "कळप येतोय!"

पलीकडच्या खोऱ्यात चरणाऱ्या घोड्यांना जमिनीतून टापा ऐकू आल्या होत्या. दुसरा एखादा कळप आपल्या कुरणात घुसतोय असं त्या तांबड्याला वाटलं असावं. सगळा कळप उतारावरून सुटला, आयाळी उडतायत, शिंगरं मागे पडून खिंकाळतायत, आणि जमीन आता खरीच दणाणतेय! स्वारांनी आरोळी ठोकली आणि टाचा मारल्या. त्यांनी दोन्ही बाजूंनी घोडी फेकून कळपाला आमच्यावरून बाजूला वळवलं, आणि सगळं कुरण आमच्याभोवती गरगर फिरायला लागलं: घोडे, स्वार, धूळ, ओरडणारी पोरं. आणि मधोमध कैरकेन! थांबला नाही. डोळे मिटून वाजवत होता, आणि कोणतं धुम त्याचं आणि कोणतं टापांचं, हे मला आजही सांगता येणार नाही. बायका उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. जिन्यावाला म्हातारा टोपी हवेत फेकत होता, झेलत होता, पुन्हा फेकत होता. अक्साकालांची दाढी वाऱ्यानं खांद्यावर गेली होती, तरी ते ती सावरत नव्हते.

"अरे, सोडा मला!" कोणीतरी मागून ओरडलं. मेल्स होता. त्याला कोणी धरलेलं नव्हतं. पायरीवरून उडी मारून, गिटार गळ्यात अडकवत, वायरमध्ये दोनदा अडखळत तो धावत आला आणि कैरकेनच्या मागे जाऊन उभा राहिला. मागे! आणि त्या दौडीवर त्यानं वरून असे लखलखते सूर टाकले, की जणू तो ह्याच गाण्यासाठी गिटार शिकला होता. शेवटचं कडवं तर त्यानं शब्द न कळता, कैरकेनच्या तोंडाकडे बघत, त्याच्याबरोबर म्हटलं.

गाणं संपलं. कळप खालच्या पाण्याकडे उतरला. धूळ हळूहळू बसायला लागली.

"बारेकेल्दी!" अक्साकाल गरजले. शाबास! "बारेकेल्दी!" सगळं कुरण गरजलं. माणसं धावत आली, कैरकेनला मिठ्या मारल्या, कोणी त्याच्या खांद्यावर मखमली झगा टाकला, कोणी डोक्यावर टोपी घातली, मग ती काढून दुसऱ्यानं आपली घातली. मेल्सलाही मिठ्या मारल्या, डाव्या बाजूनं. राइनहोल्ड लहान मुलासारखा रडत होता आणि तीन पिढ्यांपूर्वीच्या शिव्या देत होता.

गलबला ओसरला तेव्हा मेल्सनं नाक पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं. "एक गोष्ट आहे," तो हळूच म्हणाला. "पुन्हा म्हणा, असं कोणी म्हटलं नाही."

खरंच नव्हतं म्हटलं. आमच्या लोकांत ती पद्धतच नाही. देणाऱ्यानं दिलं, ते पोटभर घेतलं, आणखी मागायचं नसतं. हे करार करताना आम्हा शहरातल्या दीडशहाण्यांपैकी कोणाला आठवलं नव्हतं.

"अरे, कळप आला!" राइनहोल्ड म्हणाला. "घोडे आले ऐकायला! आणखी काय पाहिजे तुला?"

"मला काही नको. मला तर हेच गाणं न्यायचंय आता," मेल्स म्हणाला. "पण हा नाही म्हणतोय. विचार त्यालाच."

कैरकेन झग्यात आणि दुसऱ्याच्या टोपीत उभा होता. चेहरा पडलेला. "करार म्हणजे करार," तो म्हणाला. "हात मिळवलाय मी. कोणी म्हटलं तर न्यायचं. नाही म्हटलं तर तुझं." आणि बास गळ्यातून काढायला त्यानं पट्ट्याला हात घातला.

तेवढ्यात गर्दी दुभंगली. कोशेरबाय अक्साकालांची बायको, बिगाइशा आपा, काठी टेकत पुढे येत होती. मघाशी जमिनीला पहिले तळवे लावणारी म्हातारी ती हीच. तिच्या गालांवर धूळ होती आणि धुळीतून दोन ओल्या रेघा उतरल्या होत्या. ती बोलायला लागली की अक्साकालसुद्धा गप्प बसत, हे आम्हाला जेवतानाच कळलं होतं. स्वार घोड्यांवरून उतरले.

ती कैरकेनसमोर उभी राहिली. त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून तिनं खाली ओढलं आणि कपाळाचं चुंबन घेतलं.

"कोणी रचलं रे हे गाणं?"

"मी, आपा."

"तू? एकट्यानं?"

"एकट्यानं."

"शंभर वर्षं जग, माझ्या वासरा. माझा थोरला युद्धावर गेला, तेव्हा मी असाच कान लावून बसायची जमिनीला. कोणी सांगितलं तुला?" तिनं डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं डोळे पुसले. "पुन्हा म्हण."

मेल्सनं दोन्ही हात आभाळाकडे फेकले. राइनहोल्डनं मला उचललंच. कैरकेन हसला, इतका मोठा की त्याचे सगळे दात दिसले. तो एक पाऊल मागे सरला, पट्टा पुन्हा खांद्यावर घेतला, पाय फाकले, बोटं तारांवर ठेवली.

बिगाइशा आपानं आपला सुरकुतलेला हात त्या चार तारांवर हळूच ठेवला.

"आता असं कर, बाळा," ती मायेनं म्हणाली. "हे तुणतुणं जरा वेळ बाजूला ठेव, म्हणजे गाणं नीट ऐकू येईल."